सुतासारखा सरळ

उमरीतल्या आमच्या घरात सरळ अशी एकच वस्तू आहे, आणि नेमकी तिलाच ठेवायला जागा नाही.

घर जुनं, माळवदाचं. मातीच्या जाड भिंती. आजोबांच्या काळातल्या गवंड्यानं कोपरे नुसत्या डोळ्यांनी धरले आणि त्या आठवड्यात त्याचे डोळे आले असावेत. मी ३२ वर्षं शाळेत गणित शिकवलं. दिवसभर फळ्यावर काटकोन काढायचे आणि संध्याकाळी ८६ अंशांच्या कोपऱ्यात पाठ टेकून चहा प्यायचा. निवृत्तीनंतर मला सुतारकामाचं वेड लागलं, त्याचं मूळ बहुतेक त्याच कोपऱ्यात आहे.

तर ती वस्तू म्हणजे ट्रॅक सॉचा गाइड रेल. ट्रॅक सॉ ही गोल पात्याची, विजेवर चालणारी करवत. ती अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद पट्टीवरून घसरत जाते. पट्टीला एक उभार, करवतीच्या तळाला तशीच खाच; दोन्ही एकमेकांत बसले की तुमचा हात थरथरला तरी काप थरथरत नाही. आमच्या हिनं पहिल्याच दिवशी त्या पट्टीचं बारसं केलं : रूळ. "गावात रूळ कमी पडलेत म्हणून घरात आणलाव का?" प्रश्न बिनतोड होता. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरचं आमचं गाव; निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हा मार्ग झाला तेव्हापासून इथल्या माणसाला रूळ म्हटलं की स्टेशनच आठवतं.

माझा रूळ १४०० मिलिमीटरचा, म्हणजे चार फूट सात इंचांचा. प्लायवूडचा ताव येतो आठ बाय चार फुटांचा. चार फुटांचा आडवा काप घ्यायचा तर करवतीला सुरुवातीला टेकायला आणि शेवटी बाहेर पडायला जरा जागा लागते, म्हणून वरचे सात इंच. हिशेब चोख आहे. पण हा हिशेब करणाऱ्यानं रेल्वेचा बर्थ, एसटीचं दार, मोटारसायकलची मागची सीट आणि मराठवाड्यातल्या घराची बोळकांडी यांपैकी कशाचंही माप घेतलेलं नव्हतं.

तो मी पुण्याहून आणला, बोहरी आळीतून. नांदेडच्या रात्रीच्या गाडीत चादरीत गुंडाळून वरच्या बर्थवर शेजारी घेतला. लांब गुंडाळलेली वस्तू घेऊन नांदेडच्या गाडीत चढलं तर कुणी दचकत नाही. सचखंडच्या दर्शनाला जाणाऱ्यांबरोबर काय काय जात असतं. समोरच्या आजोबांनी मात्र परभणी येईपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "पडद्याचा रॉड का?" मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्याला सांगितलं, "पडद्याचा रॉड हाय."

रात्रभर मी भिंतीला चिकटून झोपलो आणि रूळ ऐसपैस. त्याला बाक येता कामा नये, बाकी माझ्या पाठीचं काय ते पाहता येईल.

घरी आल्यावर ठेवायचा कुठं? आधी कपाटामागं भिंतीला तिरपा टेकवला. पण तिरपी टेकवलेली लांब वस्तू आपल्याच वजनानं हळूहळू पोट काढते, हे मी वर्गातल्या शेवटच्या बाकावर वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. मग पलंगाखाली आडवा सरकवला. त्याच्या पोटाशी फोमच्या दोन लांब पट्ट्या असतात. त्या लाकडाला धरून बसतात, म्हणून रूळ घसरत नाही. पलंगाखाली त्यांनी आठ दिवसांत एवढी धूळ धरली की त्यानंतर त्यांनी दुसरं काही धरायला नकार दिला. ओल्या फडक्यानं पुसल्यावर पुन्हा चिकटायला लागल्या. माळवदावरच्या पत्र्याच्या शेडचाही विचार झाला. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. मी गणित मांडलं : हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचा हा रूळ साधारण एक मिलिमीटर लांबतो. पोलादाचा असता तर याच्या निम्मा लांबला असता. लांबी वाढल्यानं कापाचं काही बिघडत नाही, पण त्या भट्टीत फोमच्या आणि कडेच्या रबराच्या पट्टीचा गोंद सुटतो. हे सगळं हिला सांगितलं. ती म्हणाली, "एक मिलिमीटरसाठी एवढं? तुमच्या शर्टाचं माप दरसाली दोन इंच वाढू लागलंय, त्याला कुठं टांगू?"

पण त्या बोलण्यातच उत्तर होतं. रुळाच्या टोकाला भोक असतं ते टांगण्यासाठीच! देवघराशेजारच्या भिंतीत खुंटी ठोकली आणि रूळ ओळंब्यासारखा सरळ लोंबू लागला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की भिंत किती कललेली आहे. वरती रूळ भिंतीला टेकतो आणि खाली तीन बोटं फट. सासूबाई आल्या की आधी देवाला नमस्कार करतात, मग सवयीनं रुळालाही.

गुंता खरा सुरू होतो तो जोडीच्या सामानापासून. करवत माणूस एकदा घेतो, बाकीचं जन्मभर घेत राहतो. खालच्या खाचेत सरकणारे दोन क्लॅम्प घ्या, त्यांना मी नाव ठेवणार नाही. गुळगुळीत सनमाईकावर फोमच्या भरवशावर राहू नये. दुसरी गोष्ट म्हणजे कडेच्या रबराच्या पट्टीचा एक जादा गुंडाळा. ही पट्टी नवी असताना थोडी बाहेर आलेली असते. पहिल्यांदा करवत चालवली की तुमचं पातं ती आपल्या मापानं कापून घेतं. तिथून पुढं रबराची कड म्हणजेच कापाची रेघ. खुणेवर कड ठेवायची आणि मशीन ढकलायची. वरच्या थराच्या चिपाही उडत नाहीत.

पट्टी अशी एका मशीनच्या मापाची होऊन बसते, हे मात्र आमच्या मिस्त्रीला सांगायचं राहिलं. त्यानं नवी मशीन घेतली होती आणि तिची खाच माझ्या रुळावर बसत होती. "सर, दोन दिवस द्या की रूळ." दिला. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा रबर एक सूत आत गेलेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या पात्यानं स्वतःच्या मापानं चावून घेतलं होतं. आता माझं पातं कडेपासून एक सूत लांबून जायचं. चप्पल दुसऱ्यानं घालून मोठी करून आणावी आणि वर म्हणावं, "काही झालं नाही सर, पुसून आणलीय."

समांतर गाइड, काटकोनी जोड, अंश दाखवणारं यंत्र, हे सगळं आधी काम अडू द्यावं आणि मग घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते मी सगळं घेतल्यानंतर झालं. आठ फुटांच्या कापासाठी ३००० मिलिमीटरचा अखंड रूळही मिळतो. नऊ फूट दहा इंच! तो आणायचा तर आधी ट्रॅक्टर घ्यावा लागेल. म्हणून मी १४०० चाच दुसरा घेतला आणि दोन जोडपट्ट्या. रेल्वेच्या रुळांना फिशप्लेट असते, तसाच हा प्रकार. दोन्ही खाचांत पट्टी सरकवायची आणि बारीक स्क्रू एल-कीनं आवळायचे. टोकं एकमेकांवर दाबायची नाहीत, केसभर फट ठेवायची, आणि दोन्ही रूळ एका रेषेत आलेत का ते तिसऱ्या सरळ वस्तूला टेकवून पाहायचं. तिसरी सरळ वस्तू उमरीत कुठून आणायची, हे पुस्तिकेत दिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत लातूरहून बहिणीचा फोन आला : "दादा, एवढं घेऊन ठेवलाव तर माझ्या कपाटाला दारं करून दे." दोन्ही रूळ पिशवीत घातले. भाचा मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडायला आला. मी मागं, पिशवी मांडीवर आडवी. फाटकातून निघताना रूळ माझ्यापेक्षा रुंद आहे याचा दोघांनाही विसर पडला. ठण्ण असा आवाज झाला. भाचा म्हणाला, "मामा, काई झालं नाई, खांबाला लागलंय." मला ३० जानेवारी १९४८ आठवली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी त्या दिवशी याच गावची बँक लुटली आणि रझाकारांचा अंमल असताना ती मोठी रक्कम हद्दीबाहेरच्या छावणीत पोचती केली. त्याच गावात आम्हांला दोन पट्ट्या घराच्या फाटकाबाहेर काढता येईनात.

एसटीत कंडक्टरनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं. मी ६५ च्या पुढचा, त्यामुळं माझं तिकीट अर्धं. "आणि हे?" मी म्हटलं, "हे पण." त्यानं डोक्यापासून पायापर्यंत पिशवीचं माप घेतलं. "उंची तर हाफ तिकिटाचीच हाय. पण सर, बाईमाणूस न्हाई, पोरगं न्हाई, ज्येष्ठ न्हाई. कोणत्या सवलतीत बसवू?" शेवटी मागच्या सीटखाली बसवलं. लातूर येईपर्यंत सहा जणांनी त्यावर पाय ठेवले आणि चौघांनी, पडद्याचा रॉड केवढ्याला पडला, असं विचारलं.

बहिणीकडं पिशवी उघडली. क्लॅम्प होते, काटकोनी जोड होता, जादा रबर होतं, अंशांचं यंत्रसुद्धा होतं. एल-की उमरीत देवघराच्या कोनाड्यात राहिली होती. तिच्यावाचून दोन रूळ म्हणजे नुसते दोन शेजारी.

शेजारच्या घरात एक म्हातारे मिस्त्री काम करत होते, त्यांना विचारलं. एल-की त्यांच्याकडं नव्हती. त्यांनी शर्टाच्या खिशातून सुताची गुंडी काढली, गेरूच्या डबीतून दोरा ओढून घेतला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा सर, ढिलं सोडू नका." दुसऱ्या टोकाला ते उकिडवे बसले, दोरा ताणला, मधोमध चिमटीत वर उचलून सोडला. फट्! आठ फुटांच्या तावावर तांबडी रेघ उमटली. गुंडी परत खिशात गेली, तंबाखूच्या पुडीशेजारी.

मी आपला रूळ त्या रेघेला लावून पाहिला. दोन्ही टोकं नीट टेकली, मध्ये अर्ध्या सुताची फट राहिली. म्हटलं, दोऱ्याची रेघ वाकडी असणार. तशी असती तर रूळ पलीकडच्या बाजूनं लावल्यावर मध्ये टेकला असता आणि टोकं सुटली असती. एवढं गणित मला अजून येतं. मिस्त्री चहाला वळले तेवढ्यात रूळ पलीकडच्या बाजूनं लावला. फट पुन्हा मध्येच.

"जुळतंय का सर?" त्यांनी विचारलं.

"जुळतंय की," मी म्हणालो आणि रूळ पिशवीत घातला.