उपद्रव हे कारण चालणार नाही

इंग्लंडात समुद्रकिनारी बाकावर बसून तुम्ही फिश अँड चिप्स खाताय. मागून एक सीगल येतो, तुमच्या कानाला पंखाचा वारा घालतो आणि पुड्यातला अख्खा मासा उचलून नेतो. हा गुन्हा नाही. त्यावर चिडून तुम्ही पायातली चप्पल भिरकावलीत आणि ती नेमकी त्याला लागली, तर मात्र प्रकरण वाढतं. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे रानपक्ष्याला जाणूनबुजून इजा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दंड होऊ शकतो किंवा दोन्ही. दंडाला वरची मर्यादा नाही. मासा गेल्याचं दुःख गिळून चिप्सवर भागवावं, हेच शहाणपणाचं.

या कायद्यातली घरट्याची तरतूद मला फार आवडते. घरटं वापरात असेल तर त्याला हात लावायचा नाही, हे समजण्यासारखं आहे. पण घरटं अजून बांधून व्हायचं असेल, तरीही हात लावायचा नाही. म्हणजे सकाळी उठून पक्ष्याने तुमच्या धुराड्याच्या आडोशाला गवताच्या चार काड्या आणून टाकल्या की बांधकामाला संरक्षण सुरू. नकाशा मंजूर नको, ओसी नको. छप्पर तुमचं, कर्ज तुमचं, हप्तेही तुमचेच. पिल्लं उडेपर्यंत ताबा त्याचा.

माझा भाचा ब्रायटनला राहतो, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्याच्या खिडकीसमोरच्या छपरावर हेरिंग गल जातीचं एक जोडपं दरवर्षी संसार थाटतं. लांबून हा पक्षी नुसता पांढरा दिसतो, पण खिडकीच्या काचेपलीकडे हातभर अंतरावर आला की त्याचा थाट कळतो. राखाडी कोट, गुलाबी पाय, पिवळी धमक चोच आणि खालच्या चोचीवर कुंकवाच्या बोटासारखा एक लाल ठिपका. पिल्लाने त्या ठिपक्यावर टोच मारली की आईबाप पोटातलं अन्न बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवतात. निको टिनबर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने या ठिपक्याच्या मागे लागून बरेच प्रयोग केले. पुढे १९७३ साली प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्याला नोबेलही मिळालं, दोघांबरोबर वाटून. डोळा मात्र फिकट पिवळा आणि थंडगार. हिशेब तपासायला आलेल्या साहेबाचा असतो तसा.

उन्हाळ्यात तिकडे चारच्या सुमारास फटफटतं. त्या वेळी हा पक्षी आधी मान खाली घालतो, जणू काही चुकलंच आहे. मग तीच मान मागे टाकून आभाळाकडे चोच करून जो काही ओरडतो, त्यात चूक कबूल केल्याचा मागमूस नसतो. समोरच्या छपरावरून उत्तर येतं, मग त्याच्या पलीकडून. पाच वाजेपर्यंत सगळी आळी जागी. जूनच्या अखेरीस पिल्लं छपरावरून घसरून रस्त्यावर पडायला लागली की मायबाप येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात. पोस्टमनला तर विशेष प्रेमाने.

भाचा कंटाळला आणि घरटं हटवायच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा म्हणून नियम वाचायला बसला. पक्ष्यांच्या बाबतीत असा परवाना इंग्लंडात नॅचरल इंग्लंड ही सरकारी संस्था देते. सार्वजनिक आरोग्याला धोका असेल, लोकांच्या किंवा विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, रोग पसरत असेल, पिकांचं, गुरांचं किंवा मत्स्यपालनाचं गंभीर नुकसान होत असेल, दुसऱ्या पक्ष्यांचं रक्षण करायचं असेल, तर अर्जाचा विचार होतो. झोपमोड, गाडीच्या टपावरची शिटं, पळवलेला मासा, पन्हळीत अडकलेलं घरटं यांपैकी एकही गोष्ट चालत नाही. सगळं इंग्लंड ज्याला उपद्रवी पक्षी म्हणतं, त्याच्या बाबतीत उपद्रव हे कारणच चालत नाही.

“म्हणजे मामा, मला रात्रभर झोप नाही, हे कारण होत नाही?” त्याने मला फोनवर विचारलं.

“आजारी पडलास तर बघतील,” मी म्हटलं.

योग्य कारण असलं, तरी दुसरी अट आहेच. बाकीचे उपाय करून पाहिलेत का? छपरावर तारा ताणल्यात का, जाळी लावलीत का, कचऱ्याची पिशवी पहाटे उघड्यावर ठेवणं थांबवलंत का? घरटं रिकामं असताना, हिवाळ्यात, पुढच्या वर्षाची तजवीज केलीत का? हे सगळं करून हात टेकलेत, हे कागदावर दिसावं लागतं. आणि परवाना मिळाला, तरी बहुतेक वेळा बंदुकीऐवजी अंड्यांपासून सुरुवात होते. अंडी नुसती उचलली तर मादी पुन्हा घालते, म्हणून खरी अंडी काढून तिथे खोटी ठेवतात, किंवा अंड्यांना तेल लावून परत घरट्यात मांडतात. तेलाने आतल्या जिवाला हवा मिळत नाही. पक्षीण आपली निष्ठेने उबवत बसते. हे ऐकल्यावर मला तिच्या पहाटेच्या ओरडण्याचा राग धरवेना.

हा पक्षी गावात आला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. मुळात तो समुद्रकड्यांवरचा. १९५६ च्या क्लीन एअर ॲक्टनंतर कचरा उघड्यावर जाळणं बंद झालं आणि तो डेपोवर साठायला लागला, म्हणजे सीगलच्या दृष्टीने बारमाही पंगत बसली. शहरातली छपरं त्याला कड्यांसारखीच, शिवाय उबदार, आणि तिथे कोल्हा चढत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे रात्रीही चरायची सोय. त्यावर माणसाने चिप्सची भर घातली. ब्रिस्टलमध्ये संशोधकांनी सीगलच्या पाठीवर जीपीएस लावून पाहिलं, तर शाळेची मधली सुट्टी कधी होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि कचरा केंद्रावर शनिवार-रविवारी ते कमी फिरकत होते. सुट्टीच्या दिवशी कामावर जाण्यात अर्थ नाही, हे ज्याला कळतं त्याला उपरा कसं म्हणणार?

आणि एवढं सगळं असून देशातली त्यांची एकूण संख्या मात्र घसरत चालली आहे. २००९ पासून हेरिंग गल ब्रिटनच्या लाल यादीत आहे. कड्यांवरचे कमी झाले, छपरावरचे डोळ्यांवर आले. एकाच पक्ष्याला वाचवायचं आणि त्याच्यापासून वाचायचं, अशी दोन खाती एकाच सरकारला सांभाळावी लागतात.

सरकारची त्यात त्रेधा उडते. २०१५ च्या मार्चमध्ये बाथ शहरातल्या सीगलच्या अभ्यासासाठी अर्थसंकल्पात चक्क अडीच लाख पौंड ठेवले गेले. निवडणूक झाली आणि त्याच वर्षी ते काढूनही घेतले. तेवढ्यात कॉर्नवॉलमध्ये सीगलनी एका छोट्या कुत्र्याचा आणि एका पाळीव कासवाचा जीव घेतल्याच्या बातम्या आल्या. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी या विषयावर मोठी चर्चा व्हायला हवी असं जाहीर केलं आणि आपल्या सँडविचमधलं हॅम एका सीगलने पळवल्याचंही सांगून टाकलं. पंतप्रधानांचं हॅम गेलं तरी कायदा तसूभर हलला नाही. याला मी प्रगल्भ लोकशाही म्हणतो.

पक्ष्यावर बंधन घालता येत नाही म्हटल्यावर नियम माणसाकडे वळले. ईस्ट डेव्हनच्या काउन्सिलने २०१७ मध्ये तिथल्या किनाऱ्यांवर सीगलना खायला घालण्यावरच बंदी आणली. घालाल तर दंड. आपल्याकडे दादरच्या कबुतरखान्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने ताडपत्री घातली आणि लोकांनी ती फाडली, तेव्हा मला डेव्हनची ती बंदी आठवली. मांडव्याच्या लाँचमागे हिवाळ्यात कुरवांचा, म्हणजे आपल्याकडच्या सीगलचा, थवा लागतो, तेव्हाही चिप्सचं पाकीट आधी माणूसच फोडतो. पक्ष्याला सवय लावणारा हात आणि त्याच्या नावाने बोटं मोडणारा हात बऱ्याचदा एकाच माणसाचे असतात. खुद्द ब्रायटनमध्ये फुटबॉल संघाचं टोपणनावच सीगल्स आहे. शनिवारी संध्याकाळी हजारो लोक गळा फाटेस्तोवर त्या नावाने ओरडतात आणि रविवारी पहाटे तोच सूर छपरावरून आला की उशीखाली डोकं खुपसतात.

गेल्या वर्षी माझी ताई भाच्याकडे होती आणि पितृपक्ष तिकडेच आला. आमचे अण्णा मालवणचे. तिथीच्या दिवशी ताईने वडे, खीर, भाजी असं पान वाढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

“आई, इथे पक्ष्यांना असं घालत नाहीत गं. सगळी बिल्डिंग माझ्या नावाने शंख करेल,” भाचा म्हणाला.

“कावळ्याला आहे ते. बाकीच्यांनी खाऊ नये.”

ब्रायटनचे कावळे त्या दिवशी कुठे होते कोण जाणे. सीगल आला, त्याने एका डोळ्याने ताईकडे पाहिलं, वडा उचलला, गिळला आणि खिरीची वाटी कठड्यावरून खाली ढकलली. भाचा हबकला. ताई शांत. “अण्णांना खीर कधीच आवडली नाही,” ती म्हणाली. “आणि समुद्रावरचाच पक्षी आलाय, म्हणजे पोचलं.”

हे मला फोनवर कळलं तेव्हा आमच्या कावळ्याचं कायद्यातलं स्थान आठवलं. १९७२ च्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. त्यात उंदीर, घुशी आणि फळं खाणारी वटवाघळं यांच्या पंगतीला कावळाही बसवलेला होता. म्हणजे ज्याच्या स्पर्शासाठी घरातली कर्ती माणसं पिंडासमोर हात जोडून तासन्‌तास उभी राहायची, नातवाचं लग्न लावून देऊ, धाकट्याला सांभाळू अशी वचनं द्यायची, तो सरकारदरबारी उपद्रवी. ना सरकारने घाटावर नोटीस लावली, ना कावळ्याने वागणूक बदलली. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. तिकडे कायदा पक्ष्याला जपतो आणि माणसं शिव्या देतात. इकडे कायद्याने शिवी दिली होती आणि माणसं पान वाढत होती. पक्षी दोन्हीकडे जेवून गेला.

मग त्रस्त नागरिकाने करायचं तरी काय? एक्झेटर विद्यापीठाने त्याचं उत्तर शोधलंय. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी चिप्सची पिशवी पुढ्यात ठेवून ७४ सीगलची परीक्षा घेतली. बहुतेक जवळ आलेच नाहीत. जे आले, त्यांच्याकडे माणूस रोखून बघत असला, तर त्यांना पिशवीपर्यंत पोचायला सरासरी २१ सेकंद जास्त लागले. पुढे २०२५ मध्ये त्याच विद्यापीठातून आवाजाचा अभ्यास आला. त्यात साधं बोलणं आणि ओरडणं ध्वनिमुद्रित करून, दोन्हींचा आवाज सारखा ठेवून ऐकवलं. ओरडण्याच्या सुराला जवळजवळ निम्मे सीगल उडून गेले. साध्या बोलण्यालाही सीगल निघाले, पण बरेचसे चालत.

डोळे वटारणे आणि खेकसणे यांच्यावर एवढा खर्च झालेला पाहून ताईला हसू आवरेना. दोन्ही शास्त्रं तिने संशोधनाविनाच आत्मसात केली होती, आणि ज्याच्यावर ती पहिल्यांदा वापरली, तो भाचा आता तिला त्या अभ्यासाचे निष्कर्ष समजावून सांगत होता. तिची नजर चुकवून डब्यातला लाडू काढणं त्याला लहानपणी जमलं नाही. समजावून सांगितलं तर तोही चालतच जायचा.

मला मात्र त्या कायद्यातलं न दिलेलं कारण जास्त मोलाचं वाटायला लागलंय. त्रास होतो म्हणून कुणाला हलवता येणार नाही. धोका दाखवा, नुकसान दाखवा, आधी केलेल्या उपायांची यादी जोडा, मग बोलू. रागाला एवढी कागदपत्रं गोळा करायला लावली की त्यातला बराचसा राग झेरॉक्सच्या दुकानापर्यंत टिकत नाही.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत हा नियम मांडायचा माझा विचार आहे. तिसऱ्या मजल्यावरचा पहाटेचा मिक्सर, पार्किंगमधली कुत्री, गणपतीआधीची ढोलाची तालीम, भाडेकरूंची बाळं: तक्रारदाराने आधी काय काय करून पाहिलं ते लेखी द्यावं. ठरावाला अनुमोदक मिळेल असं वाटत नाही. सेक्रेटरींना विचारलं, तर ते म्हणाले, “मांडा की. फक्त चर्चेला वेळ ठेवता येणार नाही. तुमच्याबद्दलच तीन अर्ज आलेत.”