हळू आवाजातला भांडखोर

20 मे 2025 रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले आणि महाराष्ट्रात नेहमीप्रमाणे कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली. ही पोकळी आपल्याकडे महिन्यातून दोन-चारदा तरी निर्माण होते आणि पुढच्या शोकसभेपर्यंत बिनबोभाट बुजते. या खेपेला मात्र हा शब्द जरा गोत्यात आला. या खगोलशास्त्रज्ञाने उमेदीची वर्षं ज्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतासाठी खर्च केली, त्याचं म्हणणंच असं होतं की विश्व प्रसरण पावतं, दीर्घिकांमधली जागा वाढते आणि ती पोकळी भरून येते. घनमीटरभर जागेत अब्जावधी वर्षांतून एखादा हायड्रोजनचा अणू नव्याने जन्मतो आणि तेवढ्यावर विश्वाची घनता कायम राहते. तेव्हा न भरून येणाऱ्या पोकळीचं विधान करणाऱ्यांनी फुलं वाहता वाहता नारळीकरांच्या विरोधी पक्षाला मत दिलं. ते स्वतः सभेत असते तर त्यांनी हरकत घेतली असती, आणि तीही अशा स्वरात की वक्त्याला वाटावं, आपले आभार मानताहेत.

सगळा घोटाळा या स्वराने केला आहे. सौम्य, मृदुभाषी, निगर्वी, साधी राहणी ही विशेषणं सगळ्या मृत्युलेखांत होती आणि ती खरीही होती. पण पुरणपोळीचं वर्णन ‘गोल असते’ एवढ्यावर आटोपावं तसं ते झालं. माझं म्हणणं असं की नारळीकर हे आधुनिक महाराष्ट्राने पाहिलेल्या उत्कृष्ट भांडखोरांपैकी एक होते. नुकत्याच गेलेल्या, सगळ्यांच्या लाडक्या प्राध्यापकाला भांडखोर म्हणणं काहींना औचित्यभंग वाटेल. पण तो दोष आपल्या व्याख्येचा आहे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून जे होतं, त्यालाच आपण भांडण समजतो. कपाळावरची शीर फुगली नाही, ‘तुम्ही मला ओळखत नाही’ हे वाक्य आलं नाही, की आपल्या लेखी भांडण झालंच नाही. साठ वर्षं एकच भांडण, एकाच पट्टीत, समोरच्याचा अपमान न करता चालवणारा माणूस या व्याख्येतून सुटला, आणि आपण त्याची ‘शांत’ म्हणून नोंद केली.

पुरावा बनारसपासून आहे. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, स्वतः रँग्लर. घरात फळा होता, आणि मोरूमामा म्हणजे मोरेश्वर हुजुरबाजार त्यावर भाच्याला आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा शरण येईपर्यंत पुसलं जात नसे. ज्या घरात भांडणाचं हत्यार खडू असतं, तिथल्या मुलाचा आवाज चढणार कशाला? पुढे केंब्रिजला 1959 साली हा मुलगा सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला, झाला. 1899 साली रघुनाथराव परांजप्यांनी तोच मान मिळवला, तेव्हापासून ‘रँग्लर’ हा शब्द मराठी माणूस ‘रावबहादूर’सारखा नावाआधी लावत आला आहे. ती पदवी मिरवत जन्म सुखात गेला असता. त्याऐवजी हे गेले फ्रेड हॉइल यांच्याकडे. ‘महास्फोट’ या कल्पनेला 1949 साली बीबीसी रेडिओवरून ते नाव देणारे आणि ती कल्पना जन्मभर न पटलेले असे हे हॉइल. बारसं करायचं आणि मूल नाकारायचं, असं घराणं पत्करणारा माणूस मवाळ कसा?

1961 साली केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांची मोजदाद पुढे करून स्थिर स्थितीचा सिद्धांत संपला असं जाहीर केलं. राइल तापट म्हणून प्रसिद्ध होते. त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायला हॉइलनी उभं केलं ते बावीस वर्षांच्या, संशोधनाचं पहिलंच वर्ष असलेल्या नारळीकरांना. 1964 साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, म्हणजे आता थेट आइन्स्टाइनशी हुज्जत. पुढचं वर्ष तर नाटककाराने रचल्यासारखं आहे. 1965 साली सव्वीस वर्षांच्या या तरुणाला भारत सरकारने पद्मभूषण दिलं आणि आकाशाने प्रतिकूल पुरावा. पेन्झियस आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं, आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते महास्फोटाची राहिलेली ऊब म्हणून स्वीकारलं. शहाण्या माणसाने इथे पक्ष बदलला असता. आपल्याकडे त्यासाठी इतकंही प्रारण लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पुरावा विरुद्ध गेल्यावर सिद्धांताला चिकटून राहणं म्हणजे हट्ट. त्याला भांडण कशाला म्हणायचं? शिवाय मग फलज्योतिषीही म्हणतील, आम्हीही असेच अल्पमतातले नारळीकर! उत्तर शोधायचं तर ते कसे भांडले ते पाहावं लागतं. हट्टी माणूस वही झाकून ठेवतो. केंब्रिजमध्ये नारळीकरांच्या खोलीजवळ स्टीफन हॉकिंग नावाचा विद्यार्थी होता. त्याला यांची आकडेमोड पाहायला मिळाली. तिच्यावर काम करून तो 1964 साली रॉयल सोसायटीच्या सभेत उठला आणि तुमची बेरीज अनंतात जाते, असं त्याने हॉइलना भर सभेत सुनावलं. शेजाऱ्याला आपण विरजण देतो, वही देत नाही. पुढे 1993 साली हॉइल, बर्बिज आणि नारळीकरांनी जुना सिद्धांत स्वतःच मोडून नवा केला. विश्व एकदाच फुटत नाही, सुमारे पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनांत फुगतं आणि आकसतं. सूक्ष्मलहरी म्हणजे लोखंडाच्या केसासारख्या कणांनी मऊ करून सोडलेला जुना ताऱ्यांचा प्रकाश. आणि मुख्य म्हणजे, काय सापडलं तर आमचं खरं, हेही त्यांनी सांगितलं: महास्फोटाच्या हिशेबात न बसणारे फार म्हातारे तारे, मागच्या आवर्तनातल्या, नीलसृती म्हणजे निळ्याकडे सरकलेला प्रकाश दाखवणाऱ्या अंधुक दीर्घिका. बहुतेकांना ते पटलं नाही आणि पुराव्याचा काटा महास्फोटाकडेच झुकलेला आहे. ते चुकले असावेत, असं मलाही वाटतं. पण आपला पराभव कोणत्या दुर्बिणीतून दिसेल, तिचा पत्ता देऊन भांडणारा हट्टी कोणी दाखवा.

याहून मोठा पुरावा विटा-सिमेंटचा आहे. 1988 साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याची, आणि 2003पर्यंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक होते. संस्थापकाला आपल्या मताची माणसं भरण्याची जी सोय असते, ती त्यांनी वापरलीच नाही. तिथे थाणू पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप अशी माणसं महास्फोटाच्या बाजूचं काम बिनधास्त करत होती. विश्वरचनाशास्त्रावरचं नारळीकरांचं स्वतःचं पाठ्यपुस्तकही विरोधी पक्षाची बाजू रीतसर शिकवतं. स्वतःच्या घरात विरोधकांना भाड्याशिवाय ठेवणारा पुणेकर ही वस्तू खगोलशास्त्रातही दुर्मीळ मानावी लागेल.

नाव झाकून परीक्षा घ्यायची, हा त्यांचा आवडता डाव. पहिल्यांदा तो स्वतःवर चालवला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा गेली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पद्मभूषणाकडे पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेला एक लेखक. दुसऱ्यांदा, 2008 साली, तोच डाव फलज्योतिषावर. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी दोनशे मुलांच्या कुंडल्या घेतल्या, शंभर हुशार, शंभर बौद्धिक दिव्यांग. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या; कोणती कुठल्या गटातली, एवढंच सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली आणि त्यांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली, म्हणजे नाणं उडवलं असतं तर बरं झालं असतं. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पाहिल्या आणि एकशे दोन बरोबर सांगितल्या. नाण्यावर दोनने आघाडी! अल्पमतातल्या दोघांमधला फरक एवढाच: एकाने कसोटी सुचवली, दुसऱ्याने ती दिल्यावर कसोटीतच दोष काढला.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. इतकं हळू भांडून मिळालं काय? कुंडली आता मोबाइलवर येते, आणि नारळीकरांचं भाषण मन लावून ऐकलेले लोक घरी जाऊन मुलीच्या पत्रिकेतला मंगळ मोजतात. हे मला खोडता येत नाही. फक्त एक नोंद करतो. स्वाक्षरी मागणाऱ्या शाळकरी पोरांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, सहीसकट उत्तर येईल. पन्नास पैशांत वाद घालण्याचा परवाना. मोठ्यांपैकी किती जणांनी तो काढला असता? आपल्याला त्यांच्याशी वाद नको होता, त्यांच्याबरोबर फोटो हवा होता. 2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही आपण त्यांना दिलं. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत आणि भांडणांसाठी ख्यातनाम असलेल्या या सोहळ्याला खरा भांडखोर अध्यक्ष लाभूनही उपयोग झाला नाही.

निवृत्तीनंतर तरी त्यांनी मिटवून घेतलं असेल, असं कुणाला वाटलं तर तेही खरं नाही. जीवसृष्टीचं बी अंतराळातून आलं, हे हॉइल यांचं आणखी एक मत होतं, तेही अर्थातच अल्पमतातलं. हॉइल 2001 साली गेले. 2005 साली हैदराबादहून एक फुगा एकेचाळीस किलोमीटरपर्यंत हवेचे नमुने आणायला गेला, आणि त्या प्रयोगाचे प्रमुख होते नारळीकर. नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. दुसऱ्या कुणी ‘परग्रहवासी सापडले’ म्हणून ढोल वाजवला असता. इथे निवेदन आलं की हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत, असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. मात्र तिघांपैकी एकाचं नाव ‘जानिबॅक्टर हॉइली’ ठेवण्यात आलं. लोक गुरूच्या नावाने सभागृह बांधतात, रस्त्याला पाटी लावतात. इथे गुरूच्या वाट्याला जीवाणू आला. नात्यातल्या इतर जीवाणूंपेक्षा तो अतिनील किरणांचा मारा जास्त सोसतो.