हळदीचा मिक्सर आणि खिशातला रेकॉर्डर

साऊंडवाल्याचा मिक्सर आणि खिशात मावणारा रेकॉर्डर यांच्यामध्ये एक वायर असते आणि सगळे भांडण त्या वायरीत असते. व्यावसायिक मिक्सरची लाइन साधारण 1.23 व्होल्टची, माइकचा आवाज मात्र व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजायचा. रेकॉर्डरच्या ज्या भोकावर माइकचे चित्र असते त्याला कुजबुज ऐकायची सवय. तिथे मिक्सर थेट खुपसला, की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कुणालाच शिवता येत नाही.

नवी मुंबईतल्या उलव्यात सिडकोचे सेक्टर आणि जुनी आगरी-कोळी गावे शेजारी शेजारी आहेत. लग्नसराईत कुठली ना कुठली हळद चालूच असते आणि तिथे धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण बसली, तर तिचा आवाज जपून ठेवावा असे घरातल्या एखाद्या नातवाला वाटते. नुसता रेकॉर्डर खुर्चीवर ठेवला, तर त्यात पंगतीतली भांडणे येतात आणि डिसेंबर 2025 पासून शेजारच्या नव्या विमानतळाची विमानेही येतात. म्हणून आवाज थेट मिक्सरमधून घ्यायचा.

पहिले काम साऊंडवाल्याला विचारणे. तो जेवत असताना त्याच्या मिक्सरला हात लावू नये. विचारायचे ते ‘रेक आउट’ किंवा मोकळा ‘ऑक्स’. प्री-फेडर ऑक्स मिळाला तर उत्तम; त्याचा नॉब मांडवाच्या फेडरपासून वेगळा असल्याने साऊंडवाल्याने मांडवासाठी बेंजो चढवला तरी रेकॉर्डिंगमध्ये धवलारीण वरच राहते.

रेकॉर्डरवर ‘लाइन’ असे बटण असेल तर तेच निवडावे. नसेल तर मध्ये पॅड लावावा. 20 डेसिबलचा पॅड व्होल्टेज एकदशांशावर आणतो. पॅड कमी पडला तर ऑक्सचाच नॉब खाली घ्यावा. रेकॉर्डरची 48 व्होल्टची फँटम पॉवर आधी बंद आहे ना, हे पाहावे. ती कंडेन्सर माइकसाठी असते. चालू राहिली तर ती वायरीतून उलटी मिक्सरच्या आउटपुटमध्ये शिरते, आणि मग मिक्सरचे काय झाले हे ठरवण्याची बैठक वधूपित्याच्या ओटीवर भरते.

वायरीचीही एक गंमत आहे. बॅलन्स्ड लाइनमध्ये तीन तारा असतात: एकीत आवाज, दुसरीत बहुधा तोच आवाज उलटा, तिसरी अर्थ. अशा वायरीची पिन रेकॉर्डरच्या स्टिरिओ भोकात घातली, तर डाव्या कानात सुलटी धवलारीण येते, उजव्यात उलटी. हेडफोनवर विचित्र वाटते, पण ऐकू येते. घरी मोबाइलच्या एका स्पीकरवर लावले की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. आजी विचारते, ‘गाणं कुठंय?’ उत्तर नसते.

घुंऽऽ असा आवाज आला तर तो विजेचा, 50 हर्ट्झचा. रेकॉर्डर चार्जरवर आणि मिक्सर जनरेटरवर, असे दोन रस्ते अर्थला गेले की तो उठतो. रेकॉर्डर बॅटरीवर चालवावा. तरी राहिला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ‘प्लगची तिसरी पिन मोडून टाका, बंद होईल’ असे सांगणारा शहाणा प्रत्येक मांडवात असतो. त्याला जेवायला बसवावे. ती पिन माणसे वाचवण्यासाठी असते.

मग ऑक्स शून्यावर, रेकॉर्डरचा गेन खाली, वायर जोडायची आणि हळूहळू चढवायचे. सर्वांत मोठ्या सुरालाही काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावा. चाचणीला धवलारीण हळू गाते, हळद लागताना जोरात. जागा सोडावी ती यासाठी.

मिक्सरमध्ये येते ते फक्त माइकवरचे किंवा वायरीने जोडलेले. ढोलकी स्वतःच्याच जोरावर वाजत असल्याने तिला माइक नसतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये ती शेजारच्या गव्हाण गावातून वाजत असल्यासारखी ऐकू येते. चार ट्रॅकचा रेकॉर्डर असेल तर त्याचे स्वतःचे माइकही चालू ठेवावेत. पंगतीतली भांडणे थोडी आली तर येऊ द्यावीत.

रात्री दहाला स्पीकर बंद होतात. आधी स्टॉप दाबावे, फाइल साठवून होईपर्यंत थांबावे, मगच पिन काढावी. वायर साऊंडवाल्याची होती. ती गुंडाळून परत द्यावी.