चेन्नईत तंबू ठोकण्याचं शास्त्र

नोकरीपायी चेन्नईत येऊन राहिलेल्या मराठी माणसाला घामाची सवय होते. सांबारात गूळ नसतो, हेही तो हळूहळू पचवतो. पचत नाहीत ते पुण्याच्या मित्रांचे फोटो. पवना धरणाचं पाणी, मागे तुंग आणि तिकोना, पुढे केशरी तंबू, तंबूच्या दारात पाय पसरून बसलेलं जोडपं आणि हातात पांढरा इनॅमलचा मग. शोलिंगनल्लूरच्या बाराव्या मजल्यावरून हे बघणाऱ्याच्या पोटात जे दुखतं, त्याला चारचौघांत ‘निसर्गाची ओढ’ म्हणतात. अशी ओढ लागलेल्यांसाठी हे मार्गदर्शन. सूचना काटेकोर पाळल्यास फोटो उत्तम येतील. झोपेची हमी नाही.

मूळ सिद्धांत आधी पाठ करावा: चेन्नईत तंबू झोपण्यासाठी नसतो. इतर ठिकाणी यावर वाद होऊ शकेल, इथे हवामानानेच तो मिटवलेला आहे. मे महिन्याच्या चार तारखेच्या सुमारास ‘अग्नी नक्षत्रम’ सुरू होतं ते महिना संपत आला की आवरतं. त्या दिवसांत नायलॉनच्या तंबूची चेन ओढून आत झोपणं म्हणजे इडलीपात्रात बसून वरून झाकण लावून घेणं. डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचा पारा विशीच्या खाली क्वचितच उतरतो. तेव्हा ‘थ्री सीझन’, ‘फोर सीझन’ वगैरे पाट्या वाचून दुकानदाराशी चर्चा करत बसू नये. त्याला सरळ एकच विचारावं: फोटोत कसा दिसतो?

उत्तर रंगात आहे. तंबू केशरी किंवा पिवळा घ्यावा. पहाटेच्या निळ्या उजेडात आत एक मंद, पिवळसर दिवा ठेवला की असा तंबू आतून उजळतो आणि ज्या फोटोवर आत्या कोल्हापूरहून बदाम पाठवते तो फोटो हाच. हिरवा तंबू सुरूच्या बनात दिसेनासा होतो. निळा तर मुळीच नको. त्याच्या कापडातून गाळून आलेल्या उजेडात आत बसलेली माणसं आठवडाभर तापाने पडल्यासारखी दिसतात. आकाराने दोघांचा पुरे. चौघांचा घेतला तर चौथा माणूस खरोखरच मुक्कामाला येतो.

तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या मुरमाड जमिनीसाठी केलेल्या असतात. समुद्राच्या वाळूत त्या नुसत्या बोटाने उपसून निघतात. त्यासाठी कापडी पिशव्या न्याव्यात, वाळूने गच्च भराव्यात, तंबूचे दोर त्यांना बांधावेत आणि पिशव्या हातभर खोल पुराव्यात. तमिळनाडू सरकारने 2021च्या डिसेंबरात प्लास्टिकविरुद्ध ‘मींडुम मंजप्पै’ नावाची मोहीम काढून पिवळ्या कापडी पिशवीला पुन्हा मान मिळवून दिला. ती पिशवी या कामाला फार चांगली. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी उलट फिरून समुद्राकडून येतो, त्यामुळे दोर दोन्ही बाजूंनी ताणावेत असं शास्त्र सांगतं. व्यवहारात दुपारपर्यंत थांबलेला छायाचित्रकार अजून कोणी पाहिलेला नाही.

बाकी सामान हौसेप्रमाणे. चौकड्यांचं ब्लँकेट, कंदिलासारखा दिसणारा एलईडी दिवा, बारीक दिव्यांची माळ आणि मग. मगात कॉफी असली तरी तिची वाफ फोटोत फारशी येणार नाही, हे आधीच समजून घ्यावं. वाफ ठळक दिसायला भोवतालची हवा थंड लागते. अठ्ठावीस-तीस अंशांच्या हवेत ती जेमतेमच दिसते. यावरचा उपाय देवघरात आहे. पेटवलेली उदबत्ती मगाच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी धरावी. उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद असली की धूर हुबेहूब वाफेसारखा उठतो. उदबत्ती धरणाऱ्या नातेवाइकाला चौकटीबाहेर राहण्याची ताकीद द्यावी. लोकरीची टोपी घालायचीच असेल तर ‘रेडी’ म्हटल्यावर घालावी, क्लिक झाल्यावर काढावी आणि मधल्या काळात कपाळ टिपायला कोणी तरी जवळ ठेवावं.

तंबूच्या आतून घेतलेला, पुढे दोन तळपाय आणि त्यापलीकडे समुद्र असा एक फोटो हल्ली सक्तीचा झाला आहे. या फोटोची तयारी आठ दिवस आधीपासून, टाचांना तूप लावून करावी. आजच्या मोबाइलमध्ये भेगा लाटांपेक्षा स्पष्ट येतात.

आता उजेडाचं. रत्नागिरी-मालवणच्या समुद्रावर वाढलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. ते संध्याकाळी साडेपाचला सहकुटुंब समुद्रावर पोहोचतात, पाण्याकडे तोंड करून उभे राहतात आणि सूर्य त्यांच्या पाठीमागे, तिसऱ्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीआड मावळतो. हा पूर्वेचा किनारा आहे. इथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि त्यासाठी साडेचारला उठावं लागतं. त्यातही चेन्नई तेरा अक्षांशावर. इथला सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ वर चढतो. युरोपातल्या पुस्तकांत ज्याला ‘सोनेरी तास’ म्हणतात तो इथे अर्ध्या तासात आटोपतो. त्यात कोणाला तयार व्हायला वेळ लागत असेल, तर तो वेळ घरीच काढून यावं.

पहाटेचं ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी पौर्णिमा. पश्चिमेला सूर्य बुडतो त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळच्या वेळी, जेवणाआधी, आयताच मिळतो. कोजागरीला तंबू, मसाला दूध आणि समुद्रातून उगवणारा चंद्र हा योग मुंबईच्या माणसाला पैसे मोजूनही जुहूला साधत नाही. फक्त त्याच सुमाराला ईशान्य मोसमी पाऊस दाराशी आलेला असतो, एवढं लक्षात ठेवून दूध घरीच आटवावं.

कॅमेऱ्याबद्दल एकच सूचना, पण ती सर्वांत महत्त्वाची. आदल्या रात्री रिसॉर्टच्या एसीत झोपायचं ठरलं (सिद्धांत क्रमांक एक पाहावा) तर कॅमेरा एसीत झोपवू नये. गार पडलेली लेन्स पहाटे बाहेरच्या दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं. पुसलं की पुन्हा धरतं. काचेचं तापमान हवेइतकं यायला अर्धा तास सहज लागतो. अर्धा तास म्हणजे वर सांगितलेला संपूर्ण सोनेरी तास. कॅमेरा बॅगेत बंद करून रात्रभर बाल्कनीत ठेवावा. एरवी घरी तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असावा, नाहीतर इथल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी जाळं विणते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये. त्यातली भुकटी कॅमेऱ्यात जाते आणि भात करताना बायको वेगळंच काही बोलते.

जागा निवडताना निसर्ग तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला मान पार्किंगला, दुसरा स्वच्छतागृहाला. बेसंटनगरचा इलियट्स बीच सोयीचा, पण तिथे पहाटे साडेपाचला अर्धं चेन्नई चालायला येतं आणि मागे दिसणारा पांढरा कमानदार चौथरा म्हणजे बुडणाऱ्यांना वाचवताना 1930 मध्ये प्राण गेलेल्या डॅनिश खलाशाचं, कार्ल श्मिट्टचं स्मारक आहे. त्याच्यापुढे मग घेऊन हसणं बरं दिसत नाही. अड्यार नदीच्या मुखाशी 1977 मध्ये मोडलेला पूल आहे. तिथे तमिळ सिनेमातल्या इतक्या प्रेमिकांनी एकमेकांना सोडलंय, की लग्नाआधीच्या फोटोंसाठी ती जागा निवडणाऱ्या जोडप्याने पुन्हा एकदा विचार करावा.

ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघालं की सुरूची बनं सुरू होतात. फोटोतल्या कॅम्पिंगला लागणारं सगळं इथे आहे: झाडं, वाळू, समुद्र आणि जवळच फिल्टर कॉफी. कोवलमच्या किनाऱ्याला 2021 मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला, त्यामुळे तो स्वच्छ आहे. पण शेजारीच मच्छीमारांचं गाव आहे आणि पहाट ही त्यांची कामाची वेळ. आपण सोनेरी उजेडाची वाट बघतो, ते बोट वाळूवर ओढून जाळ्यातून मासे सोडवत असतात. वाळूवर पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये. एखादे वयस्क अण्णा तंबूपाशी थांबतात, वाकून आत बघतात, आत फक्त ब्लँकेट आणि उदबत्तीचा पुडा दिसतो. “यारुम इल्लैया?” कोणीच नाही का, असं विचारतात. या प्रश्नाला उत्तर नाही. हसावं.

संध्याकाळच्या सत्रात सुंडलवाला येईल. हाताशी अॅल्युमिनियमचं भांडं, “तेंगा मांगा पट्टाणी सुंडल” ही एका सुरातली हाक, वाटाण्यात कैरीच्या फोडी, खोबऱ्याचे तुकडे, मोहरी-कढीलिंबाची फोडणी आणि वहीच्या पानाचा पुडा. तो नेमका चौकटीच्या मधोमध थांबतो. त्याला हाकलू नये. पुडा विकत घ्यावा, खावा आणि त्याचाच फोटो काढावा. संपूर्ण सत्रातला खरा फोटो तेवढाच निघेल.

पुढे महाबलिपुरम, चेन्नईहून सुमारे पंचावन्न किलोमीटर. किनाऱ्यावरच्या मंदिराच्या आवारात तंबूचं नावही काढू नये; साधा ट्रायपॉड उभा करायलाही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ड्रोनची हौस तर घरीच ठेवावी. इकडे मीनंबाक्कमचा विमानतळ, तिकडे तांबरमला हवाई दल, खाली कल्पाक्कमचं अणुवीज केंद्र. आत्याचा बदाम मिळवण्यासाठी इतक्या खात्यांशी ओळख करून घेण्याची गरज नाही. उत्तरेला पुलिकतचं सरोवर आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पण अभयारण्यात तंबू नको, आणि रोहित लांबच असतात. दुरून रोहित साजरे.

स्वेटर खरोखर घालायचा असेल तर येलगिरी. जोलारपेट्टै स्टेशनावर उतरून चौदा वळणांचा घाट चढला की तीन-साडेतीन हजार फुटांवर थंडी मिळते आणि कॉफीची वाफसुद्धा अस्सल निघते. उदबत्ती तेवढी वाया जाते. मात्र जंगलात मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही. मार्च 2018 मध्ये तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या वणव्यात ट्रेकर्स होरपळून गेले, तेव्हापासून वनखातं फार कडक झालंय आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर 2024 पासून ‘ट्रेक तमिळनाडू’ या सरकारी योजनेत चाळीस वाटा ऑनलाइन नोंदवता येतात, वाटाड्याही मिळतो. डोंगर हवा असेल तर तिथून जावं.

एका बाबतीत मात्र थट्टा बाजूला. जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री चेन्नईच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात आणि पुढे मेपर्यंत पिल्लं बाहेर पडत राहतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्र सोडून रस्त्याच्या दिव्यांकडे निघालेली पिल्लं वाचवण्यासाठी इथले विद्यार्थी 1980च्या दशकापासून रात्र-रात्र किनारा तुडवतायत. त्या महिन्यांत रात्री वाळूवर दिव्यांची माळ लावलेला केशरी तंबू उभा करणं हा गुन्हा समजावा, कायदा काही का म्हणेना.

मग या दिवसांत तंबू कुठे ठोकायचा? अनुभवी मंडळींचं उत्तर एकच आहे: मोट्टै माडी, म्हणजे इमारतीची गच्ची. पार्किंग आहे, स्वच्छतागृह आहे, वॉचमन ओळखीचा आहे. खुंट्यांऐवजी कुंड्या. चौकट आवळून धरली, कॅमेरा जमिनीलगत ठेवला आणि टाकीचा पाइप मगाआड दडवला की मागे फक्त आभाळ उरतं. फसवणुकीचा आरोप झाला तर घाबरू नये. वडपळणीच्या स्टुडिओंतून आउटडोअर इनडोअर उभं करण्याचा धंदा या शहराने कित्येक दशकं केलाय आणि लागणारे दिवे, रिफ्लेक्टर त्याच भागात आजही भाड्याने मिळतात.

समुद्रावर गेलाच असाल तर परतल्यावर तंबू, फोटो, लाइक्स सगळं नंतर बघा. आधी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून नळाच्या गोड्या पाण्याने धुवा आणि पुसून वाळवा. खारट वाळू सांध्यात राहिली तर पुढच्या वेळी ते उघडणार नाहीत.