खिशातली पताका

दुबईच्या अल मनखूलमध्ये गाडी लावायला जागा मिळाली की शहाणा माणूस ती सोडत नाही. भाजी आणायला चालत जातो, लग्नाला टॅक्सी करतो, आणि गाडी तिथेच आहे ना हे रात्री झोपण्याआधी बाल्कनीतून बघून घेतो. शुक्रवारी पार्किंग फुकट असायचं, त्या काळात तर गुरुवारी संध्याकाळी मिळालेली जागा म्हणजे वडिलोपार्जित इस्टेटच. (2022 पासून सुट्टीबरोबर हे फुकटही रविवारी सरकलं. इस्टेट तीच, वार बदलला.)

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्यावर आरोप होणार आहे. 2019 च्या नोव्हेंबरात, 7 ते 15 तारखेपर्यंत, जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा दुबईत भरली होती. खाडीच्या पलीकडे, माझ्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर. मध्ये चांगले दोन शुक्रवार आले होते. मी गेलो नाही. गाडी बिल्डिंगच्या दारात, सावलीत लागली होती.

बरं, महिनाभर आधी दोह्यात धडधाकट लोकांची जागतिक स्पर्धा झाली, तिला न जाण्याचं कारण तरी सांगता येतं. दुबई-दोहा विमानाने तासाभराचं अंतर. पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं, त्यामुळे जून 2017 पासून जानेवारी 2021 पर्यंत थेट विमानच नव्हतं. मस्कतला किंवा कुवेतला वळसा घालून जायचं. एवढ्या वेळात माणूस आष्टीला जाऊन येईल. आणि आष्टीचाच माणूस तिकडे पळत होता. मांडव्याचा अविनाश साबळे, तालुका आष्टी, जिल्हा बीड, महार रेजिमेंटचा जवान. 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे पळता पळता 28 अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. पहिल्या फेरीत तो दोनदा दुसऱ्यांच्या पायांत अडकला, तरी राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही बाद झाला. भारताने दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथे त्याने तीन दिवसांपूर्वीचा आपलाच विक्रम मोडला आणि तेरावा आला. तेरावा म्हटल्यावर आमच्या मराठी ग्रुपवर कुणी काही टाकलं नाही. तेराव्याला आपल्याकडे फक्त जेवायला जातात.

दुबईच्या स्पर्धेत मात्र पदकंच आली. दोन सुवर्ण, दोन रौप्य, पाच कांस्य, एकूण नऊ. ग्रुप एकदम जागा झाला आणि आमच्यात पदकाची बातमी आल्यावर जो पहिला विधी होतो तो सुरू झाला. आडनावं वाचणे.

भालाफेकीत दोघांना सुवर्ण होतं, संदीप चौधरी आणि सुंदरसिंह गुर्जर. चौथ्या मजल्यावरच्या खानदेशी काकांनी दोन्ही पदकं पाच मिनिटांत जळगाव-नंदुरबारकडे वर्ग केली. "चौधरी म्हणजे आपला यावल-रावेरकडचा. भाला टाकायला दंडात केळी लागतात." मी म्हटलं, काका, तो हरियाणाचा आहे. "मग गुर्जर? शहाद्याला चला माझ्याबरोबर, घराघरात गुजर दाखवतो." तो राजस्थानचा आहे म्हटल्यावर काका थोडे नरमले, पण हरले नाहीत. "मूळ शोधा मूळ," म्हणाले. चौधरीच्याच भालाफेकीत रौप्य मिळवणाऱ्या सुमित अंतिलचं मूळ मात्र कुणालाच सापडलं नाही. उंच उडीत कांस्य मिळवणाऱ्या मरियप्पन यांनाही सगळ्यांनी सोडून दिलं. नऊ पदकं, पण त्यात आपलं कोणी नाही, असा निष्कर्ष निघाला आणि ग्रुप पुन्हा गुड मॉर्निंगच्या फुलांवर आला.

मला त्या गुर्जरचं फार वाटतं. 2016 ला रिओत हा माणूस सुवर्णाचा दावेदार होता. स्पर्धेआधी खेळाडूंना ज्या खोलीत हजेरी द्यावी लागते तिथे तो मिनिटभर उशिरा पोहोचला आणि भाला हातात न घेताच बाद झाला. भारतीय माणसाला मिनिटभर उशिरासाठी शिक्षा झाल्याचं इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं. पुढल्या वर्षी लंडनमध्ये त्याने जागतिक सुवर्ण घेतलं आणि दुबईत ते राखलं. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला सातची वेळ दिली की लोक पावणेनऊला येतात आणि बटाटेवडा संपला म्हणून तक्रार करतात.

न जाता मला एक गोष्ट मात्र कळली, ती रस्त्यावरच्या फलकांनी शिकवली. इथल्या सरकारने 2017 साली ठरवलं की अपंग हा शब्द वापरायचा नाही, 'अस्हाब अल हिमम' म्हणायचं. फलक वाचताना मी अडखळलो, कारण शब्द ओळखीचे वाटत होते. अस्हाब हे साहिबचं अनेकवचन, म्हणजे आपले साहेब. हिमम हे हिम्माचं अनेकवचन, म्हणजे आपली हिंमत. हिंमतवाले साहेबलोक! आपल्याकडेही 2015 च्या डिसेंबरात 'दिव्यांग' हा शब्द दिल्लीहून आला आणि सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या रातोरात रंगवल्या गेल्या. पाटी मात्र पाच पायऱ्या चढून गेल्यावर वाचायची.

एकदा असे शब्द दिसायला लागले की खोड लागते. घराच्या कराराची सरकारदरबारी नोंद होते तिला इथे 'इजारी' म्हणतात. आजोबा ज्या इजाऱ्याने कुळाला जमीन देत होते तोच इजारा आता नातू कुळ होऊन दरवर्षी भरतो आहे. आणि सगळ्यांत गोड म्हणजे लेबर कार्ड. अरबीत 'बिताका' म्हणजे कार्ड. बर दुबईच्या वळचणीला आल्यावर आपल्या लोकांनी तिची पताका केली. "पताका आली का?" "पताका हरवली." "शेठने पताका कॅन्सल केली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दिंडी निघाली आहे.

तर ही पताका माझ्या खिशात बावीस वर्षं आहे. दर दोन वर्षांनी मी दंड पुढे करतो, रक्त देतो, छातीचा एक्स-रे काढतो, बोटं काचेवर टेकवतो आणि आणखी दोन वर्षं पात्र ठरतो. खेळाडूंचीही अशीच तपासणी होते म्हणा, पण ती पळून झाल्यावर होते.

काहींची पताका मात्र थेट छातीवर लागते. 2013 च्या जुलैत आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा पुण्यात, बालेवाडीला झाली. व्हायची होती चेन्नईला, पण श्रीलंकेचे खेळाडू नकोत असं तमिळनाडू सरकार म्हणालं आणि स्पर्धा पुण्याच्या गळ्यात पडली. त्या मैदानावर 1500 आणि 5000 मीटर, दोन्हींचं महिलांचं सुवर्ण गेलं संयुक्त अरब अमिरातीला. आणणारी बेथलेहेम देसालेन, जन्म इथिओपियाचा. योगायोग बघा. पुण्याचा मी, दुबईत भाडं भरतोय. इथिओपियाची ती, पुण्यात दुबईवाल्यांचं राष्ट्रगीत वाजवतेय. माझी आई त्या दिवशी बाणेरहून फोनवर म्हणाली, "अरे, तुमच्या देशाची मुलगी जिंकली." मी विचारलं, कुठल्या देशाची? ती म्हणाली, "तुमच्या, दुबईच्या." आईने मला नागरिकत्व दिलं तो हा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

यात अशा मुलींचा काय दोष? ज्याला पाय आहेत तो पळतो, ज्याच्याकडे तेल आहे तो शर्यत लावतो. बहारीन तर यात घाऊक व्यापारी. पुढे जागतिक संघटनेलाच हे फार झालं असं वाटलं. 2017 ला तिने देश बदलणं गोठवलं आणि पुढल्या वर्षी नियम केला की नव्या देशाकडून खेळायचं तर तीन वर्षं थांबा. तीन वर्षं! अन्याय झाल्यासारखे तेव्हा लोक बोलत होते. मी तो नियम लिफ्टमध्ये मोबाइलवर वाचला. तीन वर्षांत इथे चांगली कामवाली मिळत नाही.

मलाही आशा लागली होती, खोटं कशाला बोलू. 2021 च्या जानेवारीत अमिरातीने कायदा बदलला. गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ, कलावंत अशांना नागरिकत्व मिळू शकेल असं जाहीर झालं. मी रीतसर वाचून काढलं. अर्ज करायची सोयच नाही. नाव राजदरबारातून किंवा मंत्रिमंडळातून सुचवलं जावं लागतं. म्हणजे आपण बसून राहायचं आणि कुणीतरी शेख सकाळी चहा पिताना म्हणणार, अरे, त्या मनखूलच्या अकाउंटंटला विसरलोच की! मला हवंय असं नाही हो. भारताला दुहेरी चालत नाही, पासपोर्ट सोडायची माझी छाती नाही. पण विचारावं तरी. लग्नात आहेर न घेणाऱ्यालाही आमंत्रण लागतंच.

अविनाश साबळेकडे परत येतो, कारण ग्रुपही आला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात त्याने स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं. त्या शर्यतीची तिन्ही पदकं 1998 पासून केनियावाले प्रत्येक वेळी घरी नेत होते. त्यांच्या पंगतीत हा बीडचा गडी जाऊन बसला, आणि सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या पाच शतांशाने. मनखूलमध्ये सिग्नल हिरवा झाल्यापासून मागच्याचा हॉर्न वाजेपर्यंत एवढाच वेळ जातो. त्या रात्री आमच्या ग्रुपवर सगळे बीडचे झाले. एरवी बीडचं नाव निघालं की कोथरूडचे सभासद विषय बदलतात. त्या रात्री एकाने आजोळ आष्टीजवळ असल्याचं कबूल केलं. दुसऱ्याने तिथल्या कडा गावात एकदा चहा प्यायला होता.

पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं, 8 मिनिटं 19.50 सेकंद. पण मला जास्त आवडतं ते त्याचं 5000 मीटरचं रौप्य. पहिला आला बहारीनचा बिरहानू बालेव, तिसरा बहारीनचा दावित फिकादू, दोघांचाही जन्म इथिओपियाचा. मध्ये साबळे. दोन्ही बाजूंना बहारीन आणि मध्ये बीड. तो फोटो मी बराच वेळ मोठा करून बघत होतो. तिघांच्याही बरगड्या सारख्याच दिसत होत्या.

आणि पॅरामध्येही शेवटी आपल्या आडनावाचा माणूस मिळाला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, गोळाफेक. 2024 च्या मे महिन्यात कोबेला 16.30 मीटरवर त्याला जागतिक सुवर्ण मिळालं. सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिम्पिकला त्याने दोन सेंटिमीटर लांब टाकला, 16.32, आणि मिळालं रौप्य, कारण सात फुटांहून उंच असा एक कॅनडियन आणखी सहा सेंटिमीटर पुढे गेला. खानदेशी काका म्हणाले, "खिलारी म्हणजे बैल आमच्याकडचे." खिलार बैल माणदेशाचेच, खिलारीही माणदेशाचा, हे सांगायला सांगलीचे तीन सभासद तत्परतेने उठले. चांगले दीड तास बैलांवर बोलणं झालं. गोळा कसा टाकतात हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बघायला गेलो असतो तर कळलं असतं.

2025 ला ही जागतिक पॅरा स्पर्धा दिल्लीत झाली आणि भारताची पदकं नऊवरून 22 वर गेली. मी ग्रुपवर लिहिलं, "छे, दिल्लीत असतो तर नक्की गेलो असतो." सतरा अंगठे आले.

त्याच आठवड्यात रात्री साडेनऊला दारावर जेवण घेऊन एक पोरगा आला. हेल्मेट काखेत, तोंडावर घाम. "सर, ऑर्डर," असं त्याने हिंदीत म्हटलं, पण 'ऑर्डर'मधला ड मराठवाड्याचा होता. मी विचारलं, कुठला रे? "आष्टी, सर. बीड जिल्हा." मी लगेच गळ टाकला. साबळेच्या तालुक्यातला की काय! तो थोडा हसला. "हो, आमच्याकडचाच." मला आणखी बोलायचं होतं. हांगझोचा फोटो मोबाइलमध्ये होताच, तो शोधू लागलो. त्याने घड्याळाकडे बघितलं. "सर, कोड सांगता का? खाली आणखी तीन डिलिव्हऱ्या आहेत."

मी कोड सांगितला. लिफ्ट अकराव्या मजल्यावर अडकली होती, कुणीतरी फ्रिज चढवत होतं. तो दोन क्षण थांबला आणि जिन्याकडे वळला. आमच्या जिन्यात सहाव्या आणि चौथ्या मजल्यावर एसीचं पाणी साचतं, तक्रार करून वर्ष झालं. दोन्ही ठिकाणी त्याचे पाय एकदाच वाजले. मी बाल्कनीत आलो तोवर तो गाडीला किक मारत होता, आणि त्याची गाडी माझ्या गाडीच्या अगदी मागे, आडवी लावलेली होती.

"अरे, आरसा सांभाळ!" मी वरून ओरडलो.