उघड्या हेडफोनला अँप्लिफायर निवडताना : मेढा व पंचक्रोशीकरिता मार्गदर्शिका

मेढ्यात अँप्लिफायर म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते : देवळाच्या सभामंडपात, कुलूपबंद लाकडी पेटीत ठेवलेलं आहुजाचं मशीन. त्याला कर्णा जोडला, की पहाटेची काकडआरती वेण्णा नदीच्या पलीकडच्या माणसाला अंथरुणात ऐकू येते. आवाज चार लोकांपर्यंत पोचवणं हे अँप्लिफायरचं काम, ही इथली पक्की समजूत. तोच आवाज एकट्याच्या कानात वाजवायला कुणी दहा-पंधरा हजार रुपये घालतो हे कळलं, तर आधी कानांची आणि मग डोक्याची चौकशी होते. ही चौकशी निमूटपणे सोसायची तयारी असलेल्या हौशी मंडळींनीच पुढे वाचावं. बाकीच्यांनी कर्ण्यावर समाधान मानावं. तो फुकट आहे आणि टाळता येत नाही.

पायरी पहिली : हेडफोन उघडा आहे म्हणजे काय, हे घरच्यांआधी स्वतः समजून घ्या

सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ साली ‘एचडी ४१४’ हा जगातला पहिला उघडा हेडफोन बाजारात आणला. कानावरच्या वाटीची मागची बाजू बंद न करता जाळीदार ठेवायची, म्हणजे आवाज आत कोंडून घुमत नाही आणि गाणं डोक्यात वाजण्याऐवजी आजूबाजूला वाजल्याचा भास होतो, ही त्यातली युक्ती. ती उत्तम आहे. फक्त जाळीतून हवा दोन्ही दिशांना जाते, ही गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

जावळीच्या खोऱ्यात शिरणं अवघड, असा चंद्रराव मोऱ्यांच्या काळापासूनचा लौकिक. उघड्या हेडफोनमध्ये मात्र अख्खा मेढा विनासायास शिरतो. मिक्सर, भंगारवाल्याचा भोंगा, स्टँडवरून निघालेल्या महाबळेश्वर गाडीचा हॉर्न, शेजारच्या गोठ्यातली म्हैस, सगळं यमनच्या आलापात हजर. ‘‘जेवाय ये रं, ताट वाढलंय’’ हे तर इतकं स्पष्ट येतं, की ऐकूच आलं नाही ही सबब कायमची संपते.

उलट दिशेचं सांगायचं, तर तुमचं गाणं बाहेर ऐकू जातं. रात्री तुम्ही अभंग लावून डोळे मिटलेत, की पलीकडच्या खाटेवरून आजीचा आवाज येतो, ‘‘आरं, जरा मोठ्यानं लाव की. मला अर्धंच कळतंय.’’ मग ती उठते, तुमचा मोबाइल काढून घेते आणि पितळी तांब्यात उभा करते. खोलीभर अभंग. हा आपल्याकडचा परंपरागत अँप्लिफायर. तुमचा येईल, तेव्हा त्याची तुलना याच्याशी होणार आहे, याची मनाशी नोंद ठेवा.

पायरी दुसरी : अँप्लिफायरच्या आधी घराचं माहितीपत्रक तयार करा

बऱ्याच चांगल्या अँप्लिफायरांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की गाणं आणि यंत्राची स्वतःची खरखर यांत १२० डेसिबलचं अंतर आहे. तुमच्या घराचं असं माहितीपत्रक कुणी छापलेलं नाही. ते स्वतः करावं लागतं. मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप घ्या, ते अचूक नसलं तरी अंदाज देतं, आणि बसायच्या जागी वर्षभराच्या नोंदी ठेवा.

जून ते सप्टेंबर पाऊस. महाबळेश्वरचे ढग केळघर घाटातून खाली उतरले, की घरावर पत्रा असेल तर मापकाकडे बघायचीही गरज नाही. या चार महिन्यांत जगातल्या सगळ्या अँप्लिफायरांची लायकी एकसारखी होते. कौलं असतील तर थोडा फरक करता येईल, पण मग भातखाचरातली बेडकं आहेत. पाऊस सरला की रातकिडे. हिवाळ्यात यात्रा-जत्रांचे लाउडस्पीकर, उन्हाळ्यात लग्नसराई. उरला तो दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ. तेव्हा गाव शांत असतं, पण घरात अभ्यास चालू असल्यामुळे गाणी बंद असतात.

शांत खोली रात्री साधारण ३० डेसिबलवर असते. तुमची खोली त्याच्या जवळपास केव्हा येते, ती वेळ लिहून ठेवा. तीच तुमची ऐकायची वेळ. अँप्लिफायरवर किती खर्च करायचा, हे पगारापेक्षा या वेळेच्या लांबीवरून ठरवावं.

पायरी तिसरी : गणित

इथे बऱ्याच जणांचं लक्ष उडतं आणि म्हणूनच नको ते मशीन घरात येतं.

हेडफोनचे दोन आकडे बघायचे : ओम आणि संवेदनशीलता. सेनहायझरचा ‘एचडी ६००’ हा १९९७ सालचा, आजही विकला जाणारा उघडा हेडफोन ३०० ओमचा. १ मिलीवॉट दिला, की तो सुमारे ९७ डेसिबल आवाज देतो. वीज दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो. म्हणजे गाण्यातल्या सर्वांत जोरकस क्षणाला ११० डेसिबल हवेत असं धरलं, तरी लागतात २० मिलीवॉट. व्होल्टमध्ये सांगायचं तर साधारण अडीच.

मंडळाच्या साउंडवाल्याला हे सांगू नका. तो ऐकत नाही. ‘‘आवो, घेता कशाला? आपलं मशीन न्या की. अडीचशे वॉट हाय,’’ असं तो मनापासून म्हणतो. तुमची गरज त्या मशीनच्या साडेबारा हजाराव्या भागाइतकी आहे हे पटवायला गेलात, तर त्याला अपमान वाटतो आणि गणपतीत कर्णा तुमच्या खिडकीकडे वळतो.

आता ओम. ओम जास्त असला की हेडफोनला व्होल्ट जास्त लागतात, ओम कमी असला की करंट जास्त लागतो. पाण्यात सांगायचं तर पहिल्याला टाकी उंचावर हवी, दुसऱ्याला पाइप रुंद हवा. बेयरडायनॅमिकचा ‘डीटी ९९०’ एकाच नावाखाली ३२ ओमपासून ६०० ओमपर्यंत मिळतो, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय अँप्लिफायरच्या वाटेला जाऊ नये. आणि नुसत्या ओमवरही जाऊ नये. हायफायमॅनचा ‘एचई ६’ फक्त ५० ओमचा, पण इतका मंद की १ मिलीवॉटला ८३.५ डेसिबलच देतो. त्याच ११० डेसिबलला त्याला साडेचारशे मिलीवॉट लागतात. असा हेडफोन असेल तर अँप्लिफायर घ्यावाच लागेल, आणि घरच्यांना हे आधीच सांगायला हवं होतं.

उलट बाजूही बघा. फोनला लावायचं बोटभर लांबीचं डोंगल १ व्होल्ट देत असेल, तर ‘एचडी ६००’वर त्याचा आवाज १०२ डेसिबलपर्यंत जातो. किंमत हजाराच्या आसपास. हे वाक्य वाचून पुढचं वाचायची इच्छा गेली असेल, तर ही मार्गदर्शिका यशस्वी झाली.

पायरी चौथी : कान

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबल जास्तीत जास्त ४० तास ऐकावं. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ११० डेसिबलचा हिशोब केला तर आठवड्याला जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात तानपुरासुद्धा लागत नाही. तेव्हा पत्र्यावरच्या पावसाशी आवाज वाढवून स्पर्धा करू नका. पावसाला आठवड्याची मर्यादा नाही.

पायरी पाचवी : दाराशी अडणारा करंट

अँप्लिफायरच्या स्वतःच्या आउटपुटचाही एक ओम असतो. तो हेडफोनच्या ओमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. ३२ ओमच्या हेडफोनला ४ ओमच्या आत, ३०० ओमच्याला ३७ पर्यंत चालेल. माळ्यावर वडिलांच्या काळातला स्टिरिओ अँप्लिफायर असेल आणि त्याला हेडफोनचं मोठं भोक असेल, तर आत बहुधा स्पीकरच्याच वायरीवर एक रेझिस्टर टाकून काम भागवलेलं असतं. १२० ओम हा आकडा तर एकेकाळी आंतरराष्ट्रीय मानकातच होता. त्यावर ‘एचडी ६००’ लावला, तर १०० हर्ट्झच्या आसपास खर्ज सुमारे एक डेसिबलने फुगतो. पखवाज ऐकणाऱ्यांनी याला दोष म्हणावं की कृपा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आवाज कमी-जास्त करायची मूठही तपासा. ताकदवान अँप्लिफायरला नाजूक हेडफोन लावला, की सगळी कसरत मुठीच्या पहिल्या दोन रेषांत होते, आणि तिथे स्वस्त मुठीचा डावा-उजवा कान कधीच सारखा वाजत नाही. गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, कमी करायचं बटण असलेला अँप्लिफायर घ्या आणि ते कमीवरच ठेवा.

पायरी सहावी : वीज

आपल्याकडच्या विजेला स्वतःचा सूर आहे. तो ५० हर्ट्झचा आहे आणि अर्थिंग नीट नसलं की तो प्रत्येक रागात लागतो. अँप्लिफायरला संगणक जोडला आणि गुंजारव सुरू झाला, तर आधी संगणकाच्या चार्जरची पिन काढून पाहा. आवाज गेला, तर दोष गायकाचा नाही. वायरमनला बोलवा, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून घ्या आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओतत चला. हजारो रुपयांच्या चांदीच्या केबलने होत नाही ते काम किलोभर जाड्या मिठाने होतं, हे केबल विकणाऱ्याला सांगू नये.

लाइट गेली की इन्व्हर्टर. स्वस्त इन्व्हर्टरमधून येणारी वीज गुळगुळीत लाटेची नसते, चौकोनी पायऱ्यांची असते, आणि ट्रान्सफॉर्मर तिच्यावर घुरघुरतो. अशा घरात बॅटरीवर चालणारा खिशातला अँप्लिफायर बरा.

पायरी सातवी : ट्यूब की ट्रान्झिस्टर

ट्यूबच्या अँप्लिफायरचा आवाज उबदार असतो, असं जाणकार सांगतात. आवाजाचं माहीत नाही, अँप्लिफायर मात्र नक्की उबदार असतो. जुलैत मेढ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. तेव्हा त्या तापल्या काचेशेजारी कोणी मोजे पसरले, तर ओरडू नका. खर्चाला मंजुरी मिळण्याचं तेच एकमेव कारण असू शकतं. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेली ट्यूबची यंत्रं ३०० ओमच्या हेडफोनशी छान जमतात, ३०-३५ ओमच्यांशी त्यांचं पटत नाही. साधा ट्रान्झिस्टरवाला कुणाशीही जमवून घेतो, मोजे मात्र वाळवत नाही.

पायरी आठवी : काय लावून ऐकायचं

तानपुरा. तोही मिरजेचा. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण कारागिरांनी घोडीवर काढलेली जवारी त्याआधीही तशीच बोलत होती. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी आणला, की तारेतून स्वरांचा पंखा उलगडतो. चांगल्या अँप्लिफायरवर त्या पंख्याची प्रत्येक काडी वेगळी ऐकू येते. डोंगलवरही येते. म्हणून तर पुढच्या पायरीची गरज आहे.

मिरजेतच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका मात्र कसोटीला घेऊ नका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जे उतरलंच नाही, ते कुठलाही अँप्लिफायर परत आणू शकत नाही. आणि जे उतरलंय, ते तांब्यातूनसुद्धा अंगावर काटा आणतं. त्यामुळे खरेदीचा निकाल उगाच बिघडतो.

पायरी नववी : निकाल

कुरिअरवाला ‘‘पार्सल आलंय, स्टँडवर या’’ म्हणाला की जा, आणि पिशवीत घालून आणा. जाणकार सांगतील, अँप्लिफायर आधी दोनशे तास चालवा, मग त्याचा आवाज खुलतो. त्यांचं ऐकू नका. परतीची मुदत सात दिवस असेल, तर ती १६८ तासांची असते. आवाज खुलेपर्यंत मुदत मिटलेली असते.

त्याऐवजी पहिल्याच शांत रात्री परीक्षा घ्या. वायरमनचा मल्टिमीटर उसना आणा. १०० हर्ट्झचा सूर वाजवून, हेडफोन जोडलेला असतानाच, डोंगल आणि अँप्लिफायर यांचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत सारखे करा. हे टाळू नका, कारण जरासा मोठा वाजणारा प्रत्येक वेळी चांगला वाटतो. सगळा बाजार त्यावरच चालतो. मग भिंतीकडे तोंड करून बसा. पाठीमागे पुतण्याला नाणं द्या : छापा आला तर अँप्लिफायर, काटा आला तर डोंगल, आणि त्याने ते वहीत लिहायचं. दहा वेळा ऐका, दहा वेळा सांगा. दहापैकी नऊ बरोबर आले, तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात एक. मग अँप्लिफायर खुशाल ठेवा, आणि ती वही खर्च मंजूर करणाऱ्यांना दाखवा.

पाच-सहाच बरोबर आले, तर नाणं पुतण्याला बक्षीस द्या, परत करायचा अर्ज भरा आणि परत आलेल्या पैशांतून अर्थिंग करून घ्या. याच कारणासाठी खोका, आतला थर्माकोल आणि पिशव्या पहिल्या दिवशीच माळ्यावर ठेवाव्यात. खोक्यात मांजर व्यायली, की कंपनी परत घेत नाही.