सई साडेचारला घरी का येते?

स्टुटगार्ट, 27 जुलै 2025

ती. आई-बाबा,

परवा आईंनी फोनवर विचारलं, "पोरीला कामावरून काढलं का गं? साडेचारला घरात बसून पोहे खातेय!" उत्तर द्यायला सवडच मिळाली नाही. मागून बाबा "ओव्हरटाइम नसेल" म्हणत होते आणि शिरीषदादा सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांचा उद्धार करत होते. उद्या पहिला श्रावणी सोमवार. साबुदाणा भिजत घातलाय, तोवर सविस्तर लिहिते.

सईला इंटर्नशिपमधून काढलेलं नाही. ती पहाटे उठून सातला कामावर हजर असते, तास भरले की निघते. पहिल्या आठवड्यात आपल्या रीतीप्रमाणे साहेब उठेपर्यंत बसून राहिली, तर साहेबच येऊन म्हणाले, "काम संपत नाही का? मग कुठे अडतंय ते सांग." उशिरापर्यंत बसणारा इथे मेहनती ठरत नाही, त्याची काळजी करतात. बाबा, तुमच्या मायको कारखान्याचे मूळपुरुष बॉशसाहेब, त्यांनी धंदा सुरू केला तो याच गावात. त्यांनी 1906 सालीच आठ तासांचा दिवस लागू केला होता. तुम्ही सातपूरला डबल ड्युट्या केल्यात, ते त्यांच्या कानावर गेलं नसावं.

पगाराचं विचारलंत. किमान वेतन यंदा, म्हणजे 2025 मध्ये, तासाला 12.82 युरो आहे, पण इंटर्नशिप अभ्यासक्रमातच सक्तीची असेल तर तो कायदा लागू नाही. जे मिळतं त्यातले 58 युरो (हा 2025 चा दर) महिन्याच्या पासाला जातात. आईंनी लगेच रुपये केले असतील, म्हणून मीच सांगते: सहा हजारांच्या जरा आत. त्यात देशभरातल्या बस, ट्राम, साध्या गाड्या चालतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र नाहीत.

आता माझं गाऱ्हाणं. इथल्या इमारतीत झाडलोटीची पाळी असते, तिला केअरवोख म्हणतात. आपला आठवडा आला की दाराला पाटी लटकते. मग जिना, कठडा, तळघराच्या पायऱ्या, कचऱ्याच्या पेट्यांभोवतीची जागा, सगळं आपण पुसायचं. स्वच्छ असलं तरी पुसायचं! 1492 मध्ये, कोलंबस आपल्याला शोधायला निघाला त्याच वर्षी, इथल्या एबरहार्ड नावाच्या सरदारानं दर आठवड्याला घाण काढण्याचा हुकूम सोडला, असं सांगतात. कोलंबस चुकला, हुकूम मात्र बरोबर आमच्या दारी पोचला. शहरानं सक्ती कधीच उठवली, पण भाड्याच्या करारात ती ठाण मांडून आहे.

वरच्या मजल्यावरच्या आजीबाई कठड्यावरून बोट फिरवतात आणि बोटाकडे बघतात. बोलत काहीच नाहीत. आई, तुम्ही निदान बोलायचात! मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. त्या दोघींत केर काढायची पाळी कोणाची, ते विचारू नका.

मी कुरकुरत होते तर सई म्हणाली, "आमच्या ऑफिसातही पाळी आहे." डॉक्टरेट झालेले विभागप्रमुख भांडी घासायच्या मशीनमधून कप काढून फडताळात लावतात. पुढच्या आठवड्यात सई. इंटर्न म्हणून तिच्या गळ्यात पडलं नाही आणि इंटर्न म्हणून सुटलंही नाही. वाढदिवसाचंही तसंच, ज्याचा असेल त्यानंच केक आणायचा. सईनं नारळाच्या वड्या नेल्या. दहापर्यंत डबा रिकामा! कोणी येणार असेल तर कोंडाजीचा चिवडा पाठवा, मागणी आहे.

दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागल्याचा दादांचा व्हिडिओ सईनं ऑफिसात दाखवला. "मोजपट्टी का लावत नाहीत?" असं विचारलं कोणीतरी. ती म्हणाली, "हीच आमची मोजपट्टी." मी तो व्हिडिओ रात्री पुन्हा पुन्हा लावला. पाण्यासाठी नाही. मागे कोणीतरी ओरडतंय ना, "ओ काका, मागं व्हा की!" तेवढं ऐकायला. यांनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं? कांदा म्हटलं. हातात कांदा नव्हता.

  

आणि आता दादांच्या ओंकारचं. अंबडच्या ओळखीच्या कारखान्यातून दादा त्याला न जाताच इंटर्नशिपचा दाखला आणून देणार, असं कळलं. बाबा, तुम्ही मध्ये पडा. सईला पहिल्या दिवशी साहेबांनी यंत्र समजावलं आणि "काही प्रश्न?" असं विचारलं. ती "नाही" म्हणाली. ते म्हणाले, "मग समजलेलं नाही." आता ती घरी येते ती प्रश्नांची वही भरून, आणि दुसऱ्या दिवशी न लाजता विचारते. हे दाखल्यावर छापून येत नाही. त्याला रोज पाठवा, आणि संध्याकाळी आला की पगाराचं नको, एवढंच विचारा, "आज काय विचारलंस?"

आपली,
मेधा